रस्ता सार्वजनिक, प्रवास कोणाचा?

संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांच्याच ओळीत रस्त्यांचाही उल्लेख आहे. आपण ते कलम वाचताना पाण्यापाशी थांबतो, रस्त्यापर्यंत जात नाही.

मार्च २०२४ मध्ये मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचा पहिला भाग खुला झाला. महापालिकेने त्यावर हजारो कोटी रुपये खर्चिले. तेथे दुचाकीला व रिक्षाला मज्जाव आहे. बसला परवानगी आहे. परंतु त्याच महापालिकेच्या बेस्ट उपक्रमाजवळ बसगाड्या उरत नाहीत. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी चार हजारांहून अधिक असलेला ताफा तीन हजारांखाली उतरला आहे, आणि त्यांतील बहुतेक गाड्या कंत्राटदारांच्या आहेत. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. वरळीच्या चाळीतून धुण्याभांड्यांस जाणाऱ्या माउलीला जातायेता एकेकच बस लागत असली, तरी महिन्याच्या २५ दिवसांत २५० च्या जागी ५०० रुपये मोजावे लागतात. मोटारवाल्याला मात्र त्या नव्या मार्गावर पथकरही नाही!

३१ मार्च १९६४ रोजी ट्राम बंद झाली तेव्हा तिची जागा घ्यावयास बस होती. आज भुयारी मेट्रो आली हे खरे. पण तिचे तिकीट ७० रुपयांपर्यंत जाते.

कोणी विचारील, वकीलसाहेब, मग न्यायालयात का जात नाही? प्रांजळपणे सांगतो, या कलमाखाली दावा टिकणार नाही. ते धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून होणारा भेद निषिद्ध ठरविते. मोटार नसणे हे कारण त्यात बसत नाही. दाद मागावयाची ती महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या वेळी.

आणि येथेच आपला दोष आहे. आपल्यातील शिकलेला तरुण नोकरी लागताच मोटारीसाठी कर्ज काढतो. त्यात गैर काही नाही. मीही तेच केले. परंतु ज्याला अर्ज लिहिता येतो, सभेत बोलता येते, तोच बसच्या रांगेतून निघून जातो, आणि रांगेत उरलेल्यांची तक्रार लिहावयास कोणी राहत नाही. तेव्हा बंधूंनो, घरात मोटार असली तरी आठवडाभर आपल्या वस्तीच्या थांब्यावर उभे राहा. कोणती बस किती वेळाने आली हे वहीत टिपा, आणि ती वही घेऊन वस्तीतील बायाबापड्यांसह नगरसेवकाच्या दारी जा.