गाळा कारागिराचाच असावा

विज्ञानकथा, चित्रकथा आणि अद्भुतरम्य चित्रपट यांच्या भक्तांचे जे विराट मेळावे या अमेरिका देशात भरतात, म्हणजे १९७० पासून सॅन डिएगोत भरणारा कॉमिक-कॉन किंवा १९८७ मध्ये सुरू झालेला आणि आता अटलांटात लेबर डेच्या सुट्टीला जोडून भरणारा ड्रॅगन कॉन, त्यांकडे आपल्या येथील मराठी मंडळातील वडीलधारी माणसे पोरखेळ म्हणून पाहतात. परंतु तेथील बाजारात हाताने घडवलेल्या चामडी वस्तूंची जी कदर होते, ती आपण अभ्यासावी अशी आहे; आणि म्हणूनच ती ज्या कारणाने धोक्यात आली आहे त्याविषयी मला आग्रहाने लिहावेसे वाटते. हस्तनिर्मित म्हणून माल विकणाऱ्याने तो स्वतः घडवलेला असलाच पाहिजे, ही अट आयोजकांनी अर्जाच्या कागदावर न ठेवता प्रत्यक्ष गाळ्यावर येऊन तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

योद्ध्याच्या वेषासाठी मनगटापासून कोपरापर्यंत बांधायच्या चामडी कवचाचा एक जोड घ्या. साली-पाल्याच्या अर्काने कमावलेले, सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे कातडे प्रथम भिजवून, ते आपल्या मूळ रंगावर परतू लागेपर्यंत थांबावे लागते. ओल अधिक राहिली तर कोरलेली रेघ बुजते, आणि उणी झाली तर ठसा उमटत नाही. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या मऊ कातड्यावर हे काम साधतच नाही. पुढे शिवण येते. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून, आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून त्या परस्परविरुद्ध दिशांनी काढल्या जातात, त्यामुळे एखादा टाका झिजून तुटला तरी शेजारचा आपली जागा सोडत नाही; यंत्राच्या टाक्यात हा गुण नाही. शेवटी कडा मेण लावून घासायच्या, इतक्या की बोट फिरवले असता कातड्याचे थर वेगळे जाणवू नयेत. अशा जोडाची किंमत ऐकून ‘एवढ्याशा कातड्याला एवढे पैसे?’ असे विचारणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, त्या रकमेत कातड्याचा हिस्सा अल्प असून बाकीचा सारा मोबदला तासांचा, आणि त्यातूनच गाळ्याचे भाडे, मुक्कामाचा खर्च व विक्रीकर वजा व्हायचा असतो.

त्याच्याच शेजारी कारखान्यात साच्याने दाबलेला माल एकपंचमांश किमतीत मांडून कोणी बसला, तर दोन हात लांबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला भेद कळत नाही. आयात मालावर मूळ देशाचे नाव असलेच पाहिजे, असा या देशाचा १९३० चा जकातीचा कायदा आहे. ती चिठ्ठी फाडून टाकणारा विक्रेता कायद्याचाही गुन्हेगार ठरतो आणि शेजारच्या कारागिराच्या पोटावर पाय देतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अल्प पैशांत हौस भागवणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे? त्याने स्वस्त माल अवश्य घ्यावा. परंतु तो स्वस्त का आहे हे त्याला सांगितले जावे आणि तो निराळ्या दालनात विकला जावा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लेसरने कातडे कापणारा किंवा दुसऱ्याचा नमुना विकत घेऊन त्यावरून काम करणारा कारागीर म्हणावा की नाही? माझ्या मते म्हणावा, कारण रापी जाऊन यंत्र आले म्हणून कर्तृत्व नाहीसे होत नाही. मात्र कोणते काम हाताचे व कोणते यंत्राचे, हे कोणी विचारले असता गाळ्यावरच्या माणसाला तेथल्या तेथे सांगता आले पाहिजे. आडत्याला ते सांगता येत नाही.

घडवणाऱ्याचे नाव मागे पडण्याची खोड या मेळाव्यांना जन्मापासून आहे. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन चाहते भविष्यकाळातील माणसांचा वेष करून गेले. ते वेष डग्लसबाईंनी तयार केले होते, तरी वेषभूषेच्या या प्रथेचा आरंभ करण्याचे श्रेय दीर्घकाळ प्रामुख्याने अ‍ॅकरमन यांच्या पदरी पडत राहिले.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक गंभीर आहे. कातडे कमावणाऱ्याला आणि शिवणाऱ्याला गावकुसाबाहेर ठेवून त्याच्या हातचे पायताण मात्र निःसंकोच वापरणाऱ्या समाजातून आपण आलो आहोत. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या, चामड्याच्याच वादीने शिवलेल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकाचेही चार जिल्हे आले. तरीही आपल्या मंडळाच्या अधिवेशनांतील गाळ्यांवर ती चप्पल विकली जाते तेव्हा ती कोणत्या गावी, कोणाच्या हातून झाली, याची विचारणा होत नाही. घासाघीस मात्र हटकून होते. परक्या देशातील तरुण एका चामडी कवचासाठी कारागिराला तासांचा दाम आनंदाने देतो, त्याच देशात राहून आपण आपल्या माणसाकडून दहा डॉलर सोडवून घेण्यात धन्यता मानतो, हे मला असह्य होते.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी मागणी आहे की, पुढील अधिवेशनाच्या गाळ्यांच्या अर्जात प्रत्येक हस्तनिर्मित वस्तूच्या कारागिराचे नाव व गाव लिहिण्याचा रकाना सक्तीचा करावा, तो मजकूर गाळ्यावर मराठीत आणि इंग्रजीत लावून घ्यावा, आणि स्वतःच्या हातचे काम घेऊन येणाऱ्याला, मग तो कोल्हापूरचा असो वा येथे जन्मलेला आपलाच मुलगा वा मुलगी, निदान दोन गाळे बिनभाड्याने राखून ठेवावेत.