आधी फोन कुणाचा ते ठरवा

दसरा-दिवाळीच्या सुमारास, मुलांच्या नोकऱ्या बदलल्या की किंवा जुन्या फोनची काच तडकली की घरोघर एक प्रश्न निघतो : कोणता फोन घ्यावा? प्रश्न साधा आणि उत्तर देणाऱ्यांचीही वानवा नाही. दुकानातला मुलगा कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजून दाखवतो. भाचा प्रोसेसरचे नाव सांगतो. जावईबापू म्हणतात, आणखी थोडे पैसे घाला आणि आयफोनच घ्या. प्रत्येकाचे उत्तर त्याच्या परीने खरे असते. पण मुळात प्रश्नच अर्धा विचारलेला असतो. फोन कोणता, हे ठरवण्याआधी तो कुणाचा, हे ठरवायला हवे.

हे म्हणणे काहींना चमत्कारिक वाटेल. पैसे ज्याने मोजले त्याचा फोन, यात ठरवायचे ते काय? पण जरा मागे वळून पाहा. घरात येणारी वस्तू कुणाची हे पूर्वी स्पष्ट असे. रेडिओ घराचा, स्कूटर वडिलांची, शिवणयंत्र आईचे, आणि कचेरीचे टंकलेखन यंत्र कचेरीत. स्मार्टफोन मात्र आपण आपल्या पैशाने घेतो, उशाशी घेऊन झोपतो आणि तरीही कचेरीची मेल त्यात आली की तो अर्धा कचेरीचा होतो. ही वाटणी कुणी केली, कधी केली, तिचा कागद कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नसते.

आमच्या भूगावात ही वाटणी रोज डोळ्यांसमोर दिसते. मुळशी तालुक्यातले, पौड रस्त्यावरचे, एके काळी भातखाचरांचे हे गाव. आता मानस तलावाच्या आसपास उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांतली निम्मी-शिम्मी कुटुंबे हिंजवडीच्या संगणक कंपन्यांवर नाही तर पिरंगुटच्या कारखान्यांवर उभी आहेत. माणसे संध्याकाळी घरी यायला निघतात ती वाहनांच्या रांगेत अडकत अडकत. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात स्फोटकांनी पाडला, २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला, तरी घरी पोचायचे ते दिवेलागण उलटूनच. मेलला मात्र चांदणी चौक लागत नाही. माणूस दारात चपला काढत असतो तेव्हा त्याची कचेरी आधीच घरात येऊन बसलेली असते. तलावाकाठी फिरायला आलेली जोडपीसुद्धा दर दहा पावलांवर थांबतात, ती पाणी पाहायला नव्हे.

हे सारे एका दिवसात झालेले नाही. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. आपण त्याला ‘भ्रमणध्वनी’ म्हणून पाहिले, पण तो शब्द वर्तमानपत्रांतच राहिला. त्या काळी येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. म्हणून ज्याच्याकडे मोबाइल असे तो आपला नंबर सहजासहजी कुणाला देत नसे आणि दिलाच तर ‘अडचण असेल तरच करा’ असे बजावून देई. २००३ साली येणारे फोन फुकट झाले. सोय झाली, यात शंका नाही. पण आपल्याला गाठण्यासाठी काही खर्च पडत होता तोवर आपली संध्याकाळही आपोआप राखली जात होती, हे आपल्या लक्षात आले नाही.

मेलची गोष्टही अशीच. १९९९ साली निघालेला ब्लॅकबेरी पुढे साहेबलोकांच्या कमरेला दिसू लागला. खिशात मेल आणणारे ते पहिले नावाजलेले यंत्र. पण बहुधा ते कचेरीने दिलेले असे, बिल कचेरी भरी आणि राजीनामा दिला की ते परत करावे लागे. मालक कोण, याबद्दल संशय नव्हता. पुढे २००७ साली आयफोन आला, २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला, आणि ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरीची सेवाही बंद झाली. मधल्या काळात कंपन्यांनी हळूच एक सोयीचा मार्ग काढला : तुमच्याकडे फोन आहेच ना, मग मेल त्यावरच घ्या. मार्च २०२० नंतर घरून काम सुरू झाले आणि उरलासुरला उंबरठाही गेला. हत्यार आपले, वीज आपली, इंटरनेट आपले, आणि काम कचेरीचे!

बँकेत आम्हाला पहिल्या आठवड्यातच एक धडा मिळे. रोकड ठेवायच्या तिजोरीला दोन चाव्या असत. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नसे. यात कुणावर अविश्वास नव्हता. एकाच खिशात सगळ्या चाव्या ठेवू नयेत, एवढे साधे शहाणपण होते. आजचा स्मार्टफोन म्हणजे नेमका तोच सगळ्या चाव्यांचा एक खिसा. बँकेचा ओटीपी त्यावर येतो, २०१६ पासून रूढ झालेल्या यूपीआयचे पैसे त्यातूनच जातात, आणि ज्या मेलवर पासवर्ड बदलण्याचे दुवे येतात ती मेलही त्यातच. त्यात कचेरीची मेल येऊन बसली की घराची तिजोरी आणि कंपनीचे दप्तर एकाच खणात आले. म्हणून कचेरीच्या मेलसाठी फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी ही चार कामे करावीत.

पहिले काम, सुरक्षा-अपडेट किती वर्षे मिळणार ते पाहणे. फोनच्या प्रणालीत सतत भोके सापडतात आणि कंपनी ती बुजवत राहते. ज्या दिवशी ती बुजवायचे थांबवते त्या दिवसापासून बाहेरून नवाकोरा दिसणारा फोन आतून जुना होतो. गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ साली गॅलेक्सी एस-२४ साठी सात-सात वर्षांचे आश्वासन दिले. स्वस्त फोनांना पुष्कळदा याच्या निम्मीही वर्षे नसतात. आणि ही वर्षे आपण फोन घेतल्यापासून मोजत नाहीत, तो नमुना बाजारात आल्यापासून मोजतात. सवलतीत मिळणारा दोन वर्षांपूर्वीचा फोन घेताना ती दोन वर्षे खर्ची पडलेली असतात.

आता आमच्या धंद्याचा हिशेब करू. समजा, एक फोन १६,००० रुपयांचा आणि त्याला दोन वर्षांचे अपडेट उरले आहेत. वर्षाचा खर्च ८,००० रुपये. दुसरा ३५,००० रुपयांचा, त्याला सात वर्षे आहेत, आणि मध्ये एकदा बॅटरी बदलायला ३,५०० रुपये धरले. एकूण ३८,५००, म्हणजे वर्षाला ५,५०० रुपये. स्वस्त कोणता? किंमत सगळेच पाहतात, घसारा कुणी पाहत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नवा नियमच केला. तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या नमुन्यांना विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षे अपडेट द्यावे लागतात आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीची ८० टक्के क्षमता टिकावी लागते. आपल्याकडे खोक्यावर असे काही छापलेले नसते. तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावर शोधून किंवा दुकानदाराला स्पष्ट विचारून घ्यावे.

दुसरे काम, कचेरीला एक लेखी प्रश्न विचारणे : माझ्या फोनवर तुमचा अधिकार किती? मेल जोडताना काही कंपन्या फोनची व्यवस्था पाहण्याची परवानगी मागतात आणि आपण न वाचता ‘होय’ दाबतो. त्या परवानगीत कधी कधी फोन दूरवरून पूर्ण पुसण्याचा अधिकारही असतो. फोन हरवला किंवा नोकरी सुटली आणि कंपनीने तो वापरला, तर तिच्या मेलसोबत नातवाच्या बारशाचे फोटोही जातील. यावर उपाय आहे. अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ नावाचा वेगळा कप्पा असतो. त्यातल्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसची खूण दिसते. कंपनीने आपले काम त्या कप्प्यात ठेवले तर तिला पुसता येतो तो तेवढाच कप्पा, आणि संध्याकाळी एका बटणाने तो बंद ठेवता येतो. आयफोनमध्येही कंपनीचा अधिकार मर्यादित ठेवण्याची सोय आहे, आणि २०२१ पासून आलेल्या ‘फोकस’ने ठरावीक वेळी कामाच्या सूचना गप्प करता येतात. पण हे कंपनीने तसे लावले तर. म्हणून आधी विचारायचे.

तिसरे काम घराचे. फोन दिवाणखान्यात आणि आतल्या खोलीत लागतो का, हे पाहावे. आमच्याकडे टेकडीच्या आड बांधलेल्या इमारतींत एका कंपनीचे सिम लागते, दुसरीचे लागत नाही. दुरुस्ती केंद्र जवळ आहे का? अक्षरे मोठी करता येतात का? घरातल्या वडीलधाऱ्यांना मराठीत बोलून मजकूर लिहिता येतो का? फोन हरवला तर उपयोगी पडावा म्हणून *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक वहीत लिहून ठेवावा. २०२३ साली सुरू झालेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पोलीस तक्रारीच्या आधारे चोरीचा फोन बंद पाडता येतो. आणि पैसे गेले तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या क्रमांकावर आणि बँकेत कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिले, पण त्याने स्वतःच ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी ठेवले.

चौथे काम, ‘बिनव्याजी हप्त्या’चा कागद वाचणे. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावले होते. व्याज असते. ते सवलतीच्या रूपाने आधी वजा दाखवलेले असते, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी शिवाय प्रक्रिया शुल्क आपल्यालाच भरावे लागते.

आमच्या इमारतीतल्या, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मुलीला मी हे सारे सांगत होतो. ती शांतपणे म्हणाली, “काका, तुम्ही मेलला शत्रू समजता. मेल फोनवर येते म्हणून मी पाच वाजता निघून मुलाला पाळणाघरातून आणू शकते. राहिलेले काम रात्री नऊला करते. फोन नसता तर मला नोकरी सोडावी लागली असती.” तिचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी हुशार बायकांना असा मार्ग नव्हता म्हणून त्या घरी बसल्या. डॉक्टर, पाणीपुरवठ्याचा अभियंता, वीज मंडळाचा कर्मचारी यांना तर रात्री गाठावेच लागते.

पण नऊ वाजता मेल उघडायची, हे तिने ठरवले असेल तर ती सोय आहे. नऊ, दहा, साडेदहा असे केव्हाही साहेबाने ठरवायचे आणि तिने उत्तर द्यायचे, तर ती हजेरी आहे, आणि त्या हजेरीचा पगार नाही. दोन्हींसाठी फोन तोच, मेलही तीच. फरक पडतो तो बटण कुणाच्या हाती आहे याने. मी तिला एवढेच विचारले की, ते बटण तुझ्या हाती आहे का? ती म्हणाली, “विचारून बघायला हवं.”

हा प्रश्न आता एकट्या-दुकट्याचा राहिलेला नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून, पन्नासहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी कामाबाहेरच्या वेळेतील संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्यात, असा कायदा केला. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून, अवाजवी नसेल तर, वेळेबाहेरच्या मेलला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. भूगाव आणि हिंजवडी ही दोन्ही गावे त्याच मतदारसंघात येतात. म्हणजे मेल जिथून निघते ते टोक आणि जिथे पोचते ते टोक, दोन्ही एकाच खासदाराच्या हद्दीत! परंतु १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे. पक्ष कोणताही असो, हा विषय संसदेने मनावर घ्यावा. तो कामगारांच्या आठ तासांच्या जुन्या मागणीचाच पुढचा अध्याय आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर हा निर्णय घराघरांतच व्हायचा आहे आणि त्याची उत्तम वेळ म्हणजे नवा फोन घेण्याचा दिवस. एकदा मेल जोडली आणि रात्री अकरालाही उत्तर मिळते, अशी साहेबाला सवय लागली की ती मोडणे अवघड जाते. पहिल्याच दिवशी जे सांगितले ते नियम म्हणून मान्य होते, आणि तेच सहा महिन्यांनी सांगितले तर कुरकुर ठरते. नोकरीत नव्याने लागलेल्या मुलांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी चहाच्या वेळी दहा मिनिटे बसावे. कचेरीची मेल या फोनवर घ्यायची की नाही? घ्यायची तर वेगळ्या कप्प्यात का? तो कप्पा रात्री किती वाजता बंद होणार आणि सुट्टीच्या दिवशी उघडणार का? कचेरीला ही मेल खरोखरच हवी असेल तर ती फोनचा किंवा निदान बिलाचा काही भार उचलणार का? याची उत्तरे कागदावर लिहावीत, कचेरीला विचारायचे ते विचारून घ्यावे, आणि मग खुशाल दुकानात जाऊन मेगापिक्सेल मोजावेत. पैसे आपण मोजणार आहोत. फोनही आपलाच राहील एवढे पाहावे.