जॅकेट अंगात हवे, होडीत नव्हे

पावसाळा ओसरला की पवना, मुळशी, तापोळ्याचा शिवसागर अशा सह्याद्रीतल्या जलाशयांवर कयाक दिसू लागतात. व्यायाम म्हणून वल्हवणे उत्तमच. खांदे, पाठ, पोट यांचे स्नायू कामाला लागतात आणि गुडघ्यांवर भार येत नाही. पण धरणाचे पाणी म्हणजे गावचे तळे नव्हे. पातळी उतरत जाते, तसे खोल बुडालेले झाडाचे खोड कयाकच्या तळाला लागू शकते. दुपारी वारा वाढला की परतताना हात भरून येतात. त्यात कयाक उलटली, तर पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. हात गारठले की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही बळ सरते. अशा वेळी पाण्यात जॅकेट चढवणे जवळजवळ अशक्यच.

म्हणून जॅकेट किनाऱ्यावरच घालावे, पट्टे आवळावेत. काठ धरून जावे, धरणाची भिंत आणि सांडवा यांपासून दूर राहावे, वारा वाढण्याआधी परतावे. कयाक भाड्याने देणाऱ्यांनीही 'मला पोहता येते' ही सबब ऐकू नये. जॅकेट नाही, तर वल्हे नाही, एवढा साधा नियम पाळला तरी जीव वाचतील.