छंदातून उगवलेली सृष्टी

भाषेचा सूक्ष्म अभ्यास कल्पनाशक्तीला मारक ठरतो, हा समज जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांच्या जीवनाकडे पाहता टिकत नाही. 'द हॉबिट' (१९३७) ही मुलांसाठीची अद्भुतकथा लिहिणारे टॉल्किन ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते. या कथेचे पहिले वाक्य त्यांनी उत्तरपत्रिका तपासताना एका कोऱ्या पानावर लिहिले. नव्या भाषा घडविणे हा त्यांचा किशोरवयापासूनचा छंद. फिनिशच्या नादावरून त्यांनी 'क्वेन्या' आणि वेल्शच्या ध्वनिरचनेवरून 'सिंदारिन' या भाषा रचल्या. एकाच मूळ भाषेपासून त्या कशा दुरावल्या, याचे ध्वनिपरिवर्तनाचे नियमही ठरविले. भाषेला बोलणारे हवेत, बोलणाऱ्यांना इतिहास हवा, या जाणिवेतून त्यांची कथासृष्टी विस्तारत गेली. म्हणूनच लेखकाचे छंद चरित्राच्या तळटीपेत ढकलणे मला अयोग्य वाटते. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीही ध्वनिविचाराचा घटक केवळ परीक्षेपुरता वाचू नये. आपल्या बोलीतील शब्दांची आवड हा वेळेचा अपव्यय नव्हे. अभ्यासाची आणि क्वचित निर्मितीचीही ती पहिली पायरी असते.