‘बोलेल की आपोआप’ या सल्ल्याविरुद्ध

दोन वर्षांचं मूल अजून बोलत नाही, असं कुणी काळजीने म्हणालं की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. ‘मुलगे उशिराच बोलतात.’ ‘याचा बाप चार वर्षांचा होईस्तोवर तोंड उघडत नव्हता, आता बघा, कोर्टात वकिली करतो.’ ‘जिभेला वेखंड लावा.’ ‘पोपटाने उष्टावलेला पेरू द्या.’ आणि या सगळ्यावर शिक्कामोर्तब करणारा शेवटचा सल्ला, ‘बोलेल हो, थांबा जरा.’ पोपटाच्या पेरूशी माझं फारसं भांडण नाही. (वर्षाच्या आतल्या बाळाला वेखंडाबरोबर मध चाटवत असाल तर मात्र आहे. त्या वयात मधातून होणारी बोटुलिझमची विषबाधा जिवावर बेतू शकते.) माझं खरं भांडण आहे ते त्या ‘थांबा’शी. पेरू कुणी फार मनावर घेत नाही. ‘थांबा’ समंजस वाटतं, आणि कधी कधी डॉक्टरही तेच सांगतात.

पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडायचा तर त्यात तथ्य आहे. दोन वर्षांच्या दर दहा मुलांमागे साधारण एक-दोन मुलं उशिरा बोलणारी असतात. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत पन्नासेक शब्द नाहीत, किंवा ‘बाबा गेले’, ‘अजून दूध’ अशी दोन शब्दांची जोडी जुळत नाही, हा त्याचा ढोबळ निकष. त्यांतली निम्मी किंवा त्याहून अधिक मुलं शाळेच्या वयापर्यंत बरोबरीच्यांना गाठतात. वकील झालेला बाप त्यांतलाच. मग थांबायला हरकत काय? हरकत ही की, समोरचं मूल गाठणाऱ्यांपैकी आहे की मागे राहणाऱ्यांपैकी, हे दोन वर्षांच्या वयात खात्रीने सांगणारी चाचणी कुणाकडेच नाही. अंदाज बांधता येतो, हमी देता येत नाही. वकिलाची गोष्ट घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याच घरातला एखादा चुलतभाऊ वाचता-लिहिता न आल्याने शाळा सोडून बसलेला असेल, तर तो लहानपणी कधी बोलायला लागला हे कुणाच्या लक्षातही नसतं. आइनस्टाइनचा दाखला तर ठरलेलाच. अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल यांनी २००१ साली आइनस्टाइनचं नाव देऊन उशिरा बोलणाऱ्या हुशार मुलांवर पुस्तकच लिहिलं. पण अशा हुशार मुलांची घरं शोधून काढून लिहिलेल्या पुस्तकावरून, उशिरा बोलणारी मुलं हुशार असतात असं कसं म्हणता येईल?

आता ‘थांबा’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. कान तपासले का?

‘ऐकू येतं हो त्याला’ हे उत्तर हमखास येतं, आणि त्यामागे घरगुती चाचणी असते. मूल पाठमोरं खेळतंय, आजी मागून स्टीलच्या ताटावर डाव आपटते, मूल दचकून वळतं, आजी निर्धास्त. पण मोठा आवाज ऐकू येणं वेगळं आणि बोलणं ऐकू येणं वेगळं. स, श, फ यांसारखे आवाज उंच पट्टीचे आणि अतिशय हलके असतात. ज्या मुलाला तेवढेच ऐकू येत नाहीत ते ताटाला वळतं, दार आपटलं की वळतं, ट्रकच्या हॉर्नलाही वळतं. बोलणं मात्र त्याच्यापर्यंत अर्धवट पोचतं. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांत पडद्यामागे पाणी साचतं, तेव्हा ऐकू येणं आठवड्यागणिक कमी-जास्त होत राहतं. मग ‘मनात असलं की ऐकतो’ असा शिक्का बसतो. कानात छोटी नळी घालून करायची ओएई चाचणी काही मिनिटांत होते. बेरा चाचणी झोपलेल्या मुलावर करता येते. दोन्ही दुखत नाहीत. जन्मल्यावर तपासणी झाली होती म्हणून आता गरज नाही, हेही खरं नव्हे, कारण काही बहिरेपण नंतर येतं. कोलोरॅडोत क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिलं की, ज्यांचं श्रवणदोषाचं निदान सहा महिन्यांच्या आत होऊन लगेच मदत सुरू झाली, त्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस होती. तिथे हिशेब महिन्यांचा आहे आणि आपण ‘तीन वर्षांचा होऊ दे’ म्हणतो.

दुसरी गोष्ट, शब्द मोजत बसण्याआधी शब्दांवाचून चालणारा व्यवहार बघायला हवा. वर्षाच्या आसपास मूल बोटाने दाखवू लागतं. चिमणी दिसली की चिमणीकडे बोट, आणि लगेच ‘बघितलंस का?’ अशा नजरेने आईकडे वळणं. नावाने हाक मारली की बघणं, टाटा करणं, दीड वर्षाच्या सुमाराला हातवारे न करता ‘चप्पल आण’ म्हटलं की चप्पल आणणं. हे सगळं जागच्या जागी असेल आणि फक्त शब्द कमी असतील, तर काळजी थोडी कमी. याच्या उलट, पाहुण्यांपुढे रंगांची इंग्रजी नावं नि ए टू झेड घडाघडा म्हणणारं मूल मी पाहिलं आहे. तहान लागली की ते आईचं मनगट धरून तिला फ्रिजपाशी ओढत न्यायचं. तिच्या तोंडाकडे एकदाही बघायचं नाही. पाहुणे टाळ्या वाजवत होते. पाठ म्हणणं आणि सांगणं यांतला हा फरक ओळखायला पदवी लागत नाही. आणि येत असलेले शब्द गेले, हाकेला ओ देणं थांबलं, तर वय कोणतंही असो, एक दिवसही थांबू नये.

इथपर्यंत वाचून दुसरा पक्ष खूश झाला असेल. उशीर म्हणजे ऑटिझमच, असं मोबाइलवरच्या चित्रफितींतून ठणकावणारा, ‘सहा महिन्यांत बोलका करतो’ म्हणून आगाऊ पैसे घेणारा हा पक्ष. त्याचंही खंडन करायला हवं. बोलायला उशीर हे एक लक्षण आहे. त्यामागे श्रवणदोष असेल, एकूण वाढच मंद असेल, ऑटिझम असेल, घराण्यात चालत आलेला कल असेल, किंवा शोधूनही काहीच सापडणार नाही. जीभ खाली चिकटलेली असेल तर क्वचित एखाद-दुसऱ्या उच्चाराला अडचण येते, मूल त्यामुळे गप्प राहत नाही. आईची नोकरी या यादीत कुठेच नाही. मोबाइल आहे, पण लोक समजतात तसा नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं. ते पाळावं. पण मोबाइल काढून घेतला आणि त्या जागी कुणी बोलायलाच बसलं नाही, तर मुलाच्या वाट्याला नुसती शांतताच येते.

सगळ्यांत घातक सल्ला मात्र भाषेबद्दलचा आहे. घरात मराठी, सांभाळणाऱ्या बाईंची हिंदी, प्लेग्रूपची इंग्रजी, त्यामुळे मूल ‘कन्फ्यूज’ झालं, तेव्हा एकच भाषा ठेवा. ती एक भाषा कोणती, हे सांगावं लागत नाही. १९९३ साली बार्बरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी दोन भाषांत वाढणाऱ्या बाळांचे दोन्हींकडचे शब्द एकत्र मोजले, तेव्हा ती एका भाषेत वाढणाऱ्यांच्या मागे नव्हती. सोलापूर, बेळगाव, गोवा इथली मुलं पिढ्यान्‌पिढ्या दोन-तीन भाषांत वाढली आहेत. तिथल्या पोरांच्या जिभा काही लुळ्या पडलेल्या दिसत नाहीत. उलट मराठी सोडलेल्या घरात काय उरतं? ‘कम’, ‘सिट’, ‘फिनिश इट’. ज्या भाषेत आईला रागावता, लाडावता, थट्टा करता येत नाही, त्या भाषेत ती मुलाला फक्त हुकूम देऊ शकते.

तेच ‘मम्म’, ‘भूभू’, ‘भुर्र’चं. लाडिक बोललं की मूल बोबडं राहतं, ही भीती निराधार आहे. मोठ्यांच्या या लाडिक मराठीवर भाषावैज्ञानिक अशोक केळकर यांनी १९६४ साली शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या अशा बोलीची तुलना केली, तीतही मराठी होती. लांबवलेले स्वर, तेच ते शब्द, चढा सूर यांनी बाळाचं लक्ष बोलण्याकडे वेधलं जातं. खुशाल बोला. मूल पुढे सरकलं की आपणही ‘भूभू’वरून ‘कुत्रा आला’वर यावं, एवढंच.

मग करायचं काय? चांगली स्पीच थेरपिस्ट पहिल्या दिवशी काय करते ते बघण्यासारखं असतं. ती जमिनीवर बसते, साबणाच्या फुग्यांची बाटली काढते, दोन-चार फुगे उडवते आणि टोपण घट्ट लावून बाटली मुलाच्या हातात देते. मग गप्प बसते. मूल बाटली फिरवतं, ओढतं, टोपण चावून बघतं. आई पुढे झुकते, ‘म्हण, उघड म्हण’ असं तिच्या ओठांवर आलेलं असतं, थेरपिस्ट हातानेच तिला थांबवते. शेवटी मूल बाटली पुढे करून थेरपिस्टच्या डोळ्यांत बघतं. ‘उघड? उघडू या!’ टोपण निघतं, फुगे उडतात. पुढच्या खेपेला त्या नजरेबरोबर ‘उ’ आला तरी त्या दिवसाची कमाई झाली. यातला कुठलाही भाग स्वयंपाकघरात न जमण्यासारखा नाही. लाडवाचा डबा, घट्ट झाकण, आणि आपलं तोंड पाच सेकंद बंद. मूल ‘गाडी’ म्हणालं की आपण ‘गाडी गेली’ म्हणायचं. काकांपुढे ‘म्हणून दाखव’ मात्र बंद.

हे शहरातले चोचले आहेत, तालुक्याच्या गावी थेरपिस्ट कुठे, हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झाला. त्याचं फिरतं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं, त्याच्या तपासणीच्या यादीत भाषेतला विलंबही आहे, आणि पुढची मोफत तपासणी व उपचार यांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं नेमलेली आहेत. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३पासून वाणी आणि श्रवणाचंच काम करते. सोयी अपुऱ्या आहेत, नंबर लागायला वेळ जातो. म्हणूनच नाव आज घालायचं. तपासणीत काहीच निघालं नाही तर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं गेलं. निघालं, तर वर्ष वाचलं.

नात्यात, शेजारी दीड-दोन वर्षांचं न बोलणारं मूल असेल तर ‘अजून बोलत नाही का हो?’ असं चारचौघांत विचारू नका. त्याच्या आईबापांना बाजूला घेऊन, कान तपासलेत का, एवढं विचारा. आणि तपासणीच्या दिवशी त्यांच्या दुसऱ्या पोराला सांभाळायला कुणी नसेल, तर ते आपल्या घरी ठेवून घ्या.