ब्रिटनचा विमानउद्योग : मदत कोणाला आणि कोणत्या अटींवर?

उत्तर वेल्समधील ब्रॉटन येथे एअरबसच्या बहुतेक प्रवासी विमानांचे पंख जोडले जातात. तयार झालेले पंख तेथून विमानाने युरोप खंडातील कारखान्यांकडे रवाना होतात आणि तुलूझ, हॅम्बुर्ग अशा ठिकाणी ते विमानाच्या धडाला बसवले जातात. या पंखांची रचना ब्रिस्टलनजीकच्या फिल्टन येथे होते. एका विमानाचे अवयव चार देशांत घडावेत आणि वाटेत कोणत्याही सीमेवर त्यांची अडवणूक होऊ नये, या एका गृहीतावर ही सारी यंत्रणा पन्नास वर्षे उभी राहिली. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री ते गृहीत संपुष्टात आले.

तेव्हापासून ब्रिटनमधील मंत्री, उद्योगपतींच्या संघटना आणि आर्थिक वृत्तपत्रे यांच्या तोंडी एकच विषय आहे : नव्या व्यापारी परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी विमानउद्योगाला मदत केली पाहिजे. मदतीच्या आवश्यकतेविषयी वाद नाही. परंतु ‘उद्योग’ या शब्दाच्या पोटात कोण कोण येतात, हे मात्र कोणी स्पष्ट करीत नाही. कंपनीचे भागधारक येतात, हे उघडच आहे. ब्रॉटनचा जोडारी आणि बर्मिंगहॅमच्या गल्लीतील तीस-चाळीस कामगारांचे छोटे यंत्रशाळावाले येतात काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विमानउद्योगाचा प्रश्न जकातीचा नाही. नागरी विमाने, त्यांची इंजिने व सुटे भाग यांवरील जकात काढून टाकणारा आंतरराष्ट्रीय करार १९७९ सालीच झाला आणि १ जानेवारी १९८० पासून तो अमलात आहे. युरोपीय संघातून बाहेर पडताच ब्रिटन या करारात स्वतंत्रपणे सामील झाला. म्हणजे ब्रॉटनच्या पंखावर पूर्वीही जकात नव्हती, आजही नाही. २४ डिसेंबर २०२० रोजी झालेल्या व्यापार व सहकार्य कराराचे ‘शून्य जकात’ म्हणून हुजूर पक्षाच्या सरकारने जे ढोल बडवले, त्यातून या उद्योगाच्या पदरात जवळजवळ काहीच नवे पडले नाही.

खरा भार आहे तो कागदपत्रांचा आणि प्रमाणपत्रांचा. विमानाचा साधा खिळासुद्धा प्रमाणित असावा लागतो. कोणत्या कारखान्यात तो बनला, कोणत्या धातूचा, कोणी तपासला, कोणाच्या सहीने बाहेर पडला, याची नोंद विमानाबरोबर जन्मभर राहते. ही प्रमाणपत्रे देणारी युरोपीय विमान सुरक्षा संस्था ब्रिटनने सोडली. त्या संस्थेच्या उभारणीत ब्रिटिश तज्ज्ञांचा मोठा वाटा होता, तरीही सोडली. कारण युरोपीय न्यायालयाचा किंचितही अधिकार हुजूर पक्षाच्या एका गटाला सहन होत नव्हता. करारात एकमेकांच्या काही प्रमाणपत्रांना मान्यता देण्याची तरतूद झाली, पण ती अपुरी आहे. विमानदुरुस्ती करणाऱ्या ब्रिटिश संस्थांना युरोपकडून परदेशी संस्था म्हणून नव्याने परवानगी घ्यावी लागली. देखभाल-अभियंत्यांचे ब्रिटनने दिलेले परवाने युरोपीय संघाच्या हद्दीत निरुपयोगी झाले. वीस वर्षे जो माणूस विमान उड्डाणयोग्य असल्याची सही करीत आला, त्याचे कसब एका रात्रीत कमी झाले नाही. पण संघात नोंदलेल्या विमानाच्या कागदावर त्याच्या सहीला किंमत उरली नाही. अनेक अभियंत्यांनी ती तारीख उजाडण्यापूर्वीच आपले परवाने संघातील इतर देशांकडे हलवले. ज्यांनी हलवले नाहीत, त्यांना सार्वभौमत्वाची किंमत स्वतःच्या खिशातून कळली.

रसायनांचीही हीच कथा. विमानाच्या धातूच्या भागांना गंज लागू नये म्हणून क्रोमेटयुक्त लेप देतात. अशा विषारी द्रव्यांवर कडक नियंत्रण हवे, आणि ते सर्वात आधी हवे आहे ते लेप देणाऱ्या कामगारांसाठी. युरोपात त्यासाठी एक नोंदणीव्यवस्था होतीच. ब्रिटनने तिची नक्कल करून आपली वेगळी व्यवस्था काढली आणि त्याच माहितीची पुन्हा नोंदणी करण्यास सांगितले. पुढे ते पेलवेना, तेव्हा २०२३ साली मुदती तीन वर्षांनी पुढे ढकलल्या. नियंत्रण अधिक कडक झाले नाही, फक्त कागद दुप्पट झाला. एअरबस किंवा रोल्स-रॉइस अशा कामासाठी स्वतंत्र खाते उघडू शकतात. त्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यात मालकच लेखनिक असतो, त्याने काय करावे? मोठ्या कंपन्यांनी ‘जुळवून घेणे’ याचा व्यवहारातील अर्थ बहुधा एवढाच असतो की, जास्तीचा खर्च करारपत्राच्या एका कलमाने खालच्या पुरवठादाराकडे ढकलावा. आणि पुरवठादाराने तो मजुरीतून वसूल करावा.

संशोधनाची तीन हरवलेली वर्षे

संशोधनाच्या बाबतीत जे झाले ते अधिक लाजिरवाणे आहे, आणि त्याचा दोष एकट्या लंडनकडे जात नाही. ‘होरायझन युरोप’ हा युरोपीय संघाचा २०२१ ते २०२७ या काळाचा संशोधनकार्यक्रम सुमारे ९,५५० कोटी युरोंचा आहे. कमी इंधनात चालणारी इंजिने, हलके पंख, हायड्रोजन अशी कामे एका देशाच्या आवाक्याबाहेरची असल्याने त्यांचा मोठा भाग अशाच सामायिक निधीतून चालतो. ब्रिटनने सहयोगी सदस्य व्हावे, हे डिसेंबर २०२० मध्ये तत्त्वतः ठरले होते. परंतु उत्तर आयर्लंडच्या सीमेवरून भांडण पेटले आणि ब्रुसेल्सने संशोधनाचा करार ओलीस धरला. २०२२ साली युरोपीय निधी मिळवलेल्या ब्रिटनमधील शास्त्रज्ञांना, संघातील एखाद्या संस्थेत जा अथवा निधीवर पाणी सोडा, असे कळवण्यात आले. आयरिश समुद्रातील तपासणी-नाक्यांचा आणि प्रयोगशाळेतील कामाचा काय संबंध? ब्रिटिश सरकारने हमीची योजना काढून पैशांची तूट भरून काढण्याचा प्रयत्न केला, परंतु प्रकल्पांचे नेतृत्व करण्याची जी संधी गेली ती पैशाने परत येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडसर येथे तडजोड झाली, ७ सप्टेंबर २०२३ रोजी करार झाला, आणि १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटन त्या कार्यक्रमात परतला. त्यासाठी वर्षाला सरासरी सुमारे २४३ कोटी युरो मोजायचे आहेत. जेथून निघाले तेथेच, पण मताधिकाराविना आणि तीन वर्षांनी, ब्रिटन येऊन पोहोचला.

‘गॅलिलिओ’ या उपग्रह-दिशादर्शन योजनेची कहाणी तर नाटकात शोभावी अशी आहे. तिच्या पहिल्या चौतीस उपग्रहांची दिशादर्शक उपकरणे गिल्डफर्डच्या एका ब्रिटिश कंपनीने बनवली. परंतु योजनेच्या संरक्षित भागात संघाबाहेरच्या देशांना प्रवेश नाही, हा नियम होता, आणि सदस्य असताना ब्रिटननेही तो मान्य केलेला होता. दार बंद झाले तेव्हा थेरेसा मे यांच्या सरकारने ब्रिटनची स्वतःची योजना उभारण्याची घोषणा केली, नुसत्या अभ्यासासाठी ९.२ कोटी पौंड मंजूर केले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती योजना गुंडाळली गेली. त्याच वर्षी दिवाळखोरीत निघालेली वनवेब ही उपग्रह कंपनी ब्रिटिश सरकारने भारतातील भारती उद्योगसमूहाच्या भागीदारीत विकत घेतली. दोघांनी प्रत्येकी ५० कोटी डॉलर घातले. वनवेबचे उपग्रह दिशादर्शनासाठी बनलेलेच नव्हते, हे तज्ज्ञ तेव्हाच सांगत होते. २०२३ साली ही कंपनी युटेलसॅट या फ्रेंच कंपनीत विलीन झाली. युरोपपासून स्वतंत्र होण्यासाठी ओतलेला ब्रिटिश करदात्यांचा पैसा अखेरीस पॅरिसच्या शेअरबाजारातील एका कंपनीत जाऊन बसला. भारती समूहाचे यात नुकसान झाले, असे मात्र म्हणवत नाही.

हा उद्योग कोणी उभा केला?

आज खासगी उद्योगाच्या कर्तबगारीचे गोडवे गाणाऱ्यांना इतिहासाची आठवण करून द्यावी लागते. आरबी-२११ या इंजिनाच्या खर्चाखाली रोल्स-रॉइस १९७१ च्या फेब्रुवारीत दिवाळखोर झाली, तेव्हा तिचे राष्ट्रीयीकरण केले ते एडवर्ड हीथ यांच्या हुजूर सरकारने. १९७७ साली मजूर पक्षाच्या सरकारने विमानकंपन्या एकत्र करून ब्रिटिश एअरोस्पेस ही सार्वजनिक संस्था केली, आणि १९७९ साली एअरबसमध्ये वीस टक्क्यांची भागीदार म्हणून तीच दाखल झाली. थॅचर सरकारने १९८१ व १९८५ साली ब्रिटिश एअरोस्पेस आणि १९८७ साली रोल्स-रॉइस विकली. एअरबसमधील ती वीस टक्के भागीदारी खासगी झालेल्या कंपनीने २००६ साली २७५ कोटी युरोंना विकून टाकली. ब्रेक्झिटच्या वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा एअरबसच्या मालकीत फ्रान्स, जर्मनी आणि स्पेन या सरकारांचे भाग होते. ब्रिटनकडे पंख बनवणारे हात होते, टेबलाशी खुर्ची नव्हती. ही खुर्ची ब्रुसेल्सने काढून घेतलेली नाही.

डाव्या चळवळीनेही या प्रश्नाकडे नेहमीच स्वच्छ नजरेने पाहिले असे नाही. १९६९ साली एअरबस योजनेतून ब्रिटनने सरकार म्हणून अंग काढून घेतले, तेव्हा मजूर पक्ष सत्तेवर होता आणि तंत्रज्ञानमंत्री होते टोनी बेन. कामगारांचा हा खंदा कैवारी, ब्रिस्टलचा खासदार. पण त्या वेळी पंखांचे काम हातचे जाऊ दिले नाही ते हॉकर सिडले या खासगी कंपनीने. १९७५ च्या सार्वमतात बेन आणि ब्रिटिश कम्युनिस्ट सामायिक बाजारपेठेच्या विरोधात उभे राहिले. भांडवलाला मोकळे रान आणि सरकारी हस्तक्षेपाला लगाम, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. परंतु २०१६ साली जे बाहेर पडणे घडले, त्याची सूत्रे त्या विचारांच्या हाती नव्हती.

आणि तरीही मतपेटीने काय सांगितले? ब्रॉटन ज्या फ्लिंटशायरमध्ये आहे तेथे, रोल्स-रॉइसच्या डर्बीत, आणि तिचा जुना कारखाना असलेल्या बार्नोल्ड्सविकच्या परिसरात, तिन्ही ठिकाणी बहुमत बाहेर पडण्याच्या बाजूने पडले. यावरून कामगारांना अडाणी ठरवून मोकळे होणारे लंडनमध्ये पुष्कळ आहेत. ज्या गावांनी कोळसा, पोलाद आणि कापड एकामागून एक जाताना पाहिले आणि त्या सर्व काळात ‘युरोपीय सदस्यत्वामुळे समृद्धी’ हे शब्द ऐकले, त्या गावांना आणखी एक इशारा ऐकवून काय परिणाम होणार होता? इशारा खरा होता. इशारा देणाऱ्यांवर विश्वास उरला नव्हता.

२०२० च्या साथीत हे उघडे पडले. रोल्स-रॉइसने जगभरातील ९,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. एअरबसने १५,०००, त्यांपैकी १,७०० ब्रिटनमध्ये. त्याच वर्षी रोल्स-रॉइसच्या २०० कोटी पौंडांच्या कर्जापैकी ऐंशी टक्क्यांची हमी ब्रिटिश सरकारने घेतली. हमीच्या बदल्यात नोकऱ्यांची हमी मात्र मागितली गेली नाही. उलट बार्नोल्ड्सविकचे पंख्याच्या पात्यांचे काम सिंगापूरला नेण्याचा घाट घातला गेला. आरबी या अक्षरांतला ‘बी’ याच गावाचा आहे, हे येथे सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील कामगारांनी संप पुकारला. संपूर्ण कारखाना बंद करण्याऐवजी नेमक्या विभागांतून आळीपाळीने काम थांबवत त्यांनी आठवड्यांमागून आठवडे काढले आणि जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे ब्रेक्झिट अमलात येत असतानाच, कंपनीला दहा वर्षे कारखाना चालवण्याचे व साडेतीनशे नोकऱ्या राखण्याचे मान्य करावे लागले. जी अट सरकारने घातली नाही ती एका छोट्या गावच्या संघटनेने घातली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीने आणखी अडीच हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये १०० कोटी पौंडांचे आपलेच शेअर परत विकत घेण्याची घोषणा केली.

अशा पार्श्वभूमीवर सरकारी संशोधननिधीचा विचार केला पाहिजे. विमानतंत्रज्ञान संस्थेमार्फत २०१३ पासून सरकार व उद्योग निम्मे-निम्मे खर्च करतात; २०२५ पासूनच्या पाच वर्षांसाठी सरकारने ९७.५ कोटी पौंड राखून ठेवले आहेत. रक्कम योग्यच आहे, कदाचित अपुरी. परंतु या पैशातून जन्मलेले तंत्र कोठे उत्पादनात आणावे, याचा निर्णय संचालक मंडळांकडेच राहतो. फिल्टनला सार्वजनिक पैशातून नव्या पंखाचे संशोधन होईल. तो पंख ब्रॉटनलाच बनेल, असे कोणते कलम सांगते?

लुकास एअरोस्पेसच्या कामगार-प्रतिनिधींनी १९७६ साली सुमारे दीडशे पर्यायी उत्पादनांचा आराखडा कंपनीपुढे ठेवला होता. उष्णता-पंप, पवनचक्क्या, विजेवर व इंधनावर चालणारी संमिश्र इंजिने त्यात होती. व्यवस्थापनाने तो फेकून दिला. त्यातील एक प्रमुख कार्यकर्ते माइक कूली यांना पुढे कामावरून काढले. आज तीच उत्पादने ‘हरित तंत्रज्ञान’ या नावाने सरकारी अनुदानाच्या यादीत आहेत. होरायझनच्या पुढच्या कार्यक्रमाच्या वाटाघाटी २०२८ पूर्वी व्हायच्या आहेत. त्या वेळी प्रत्येक अनुदानाच्या करारात उत्पादनाचे ठिकाण, पुरवठादारांना द्यावयाची किंमत आणि शिकाऊ कामगारांची संख्या लिहिली जावी आणि त्यावर कामगार संघटनेची सही असावी, ही मागणी ब्रॉटन व डर्बीच्या संघटनांनी आतापासून टेबलावर ठेवली पाहिजे. बार्नोल्ड्सविकच्या कराराची दहा वर्षे २०३१ मध्ये संपतात.