सुट्टी की खाडा?

राहात्याच्या शिवारात मी एकोणतीस हंगाम साखर कारखान्याचा स्लिपबॉय म्हणून काढले. तोडीची चिठ्ठी द्यायची, गाडी भरली की नोंद करायची, गाळप संपून पट्टा पडेपर्यंत. मला आठवड्याची सुट्टी होती. माझ्या चिठ्ठीवर जे ऊस तोडत, त्यांना नव्हती. निवृत्त होईपर्यंत मला हे कधी खटकलं नाही, हेही कबूल करतो.

खटकलं ते नातवाच्या परीक्षेच्या पुस्तकामुळे. त्यात वाचलं, अमेरिकेत १८८७मध्ये हेन्री हॅवमायरने साखर शुद्ध करणारे कारखाने एकत्र बांधून 'शुगर ट्रस्ट' उभा केला. साखरेचा बाजार त्याच्या मुठीत गेला. अशा मक्तेदाऱ्यांविरुद्ध ओरड झाली आणि २ जुलै १८९०ला शेरमन कायदा आला. पुढे १८९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो साखरवाल्यांच्याच बाजूने! कायदा कागदावर, साखर त्यांच्या घरात.

त्या कायद्याच्या बावीस दिवस आधी, १० जूनला, मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची सुट्टी मान्य केली होती. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. १८८४पासून अर्ज, सह्या, सभा चालल्या होत्या. एप्रिल १८९०च्या सभेला दहा हजारांवर कामगार जमले आणि दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. रविवार खंडोबाचा वार, म्हणून तोच मागितला असं सांगतात. बीड-पाथर्डीहून आमच्याकडे येणाऱ्या कित्येक टोळ्यांचंही दैवत खंडोबाच. त्यांच्यापर्यंत तो रविवार काही पोहोचला नाही.

लोणीला १९५०मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यालाच कारखान्याचा मालक केलं. केवढी मोठी गोष्ट! माझं घर, पोरांची शिक्षणं त्याच उसावर झाली. पण भागधारक झाला तो बागायतदार. तोडणारा मुकादमाच्या वहीतच राहिला.

त्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. हंगामाआधी आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते. एक दिवस कोयता फडात आला नाही की 'खाडा' मांडतात, आणि खाड्याचे पैसे उचलीत वाढतात. एकदा पहाटे तीनला गाडी भरताना तापाने फणफणलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढताना मी बॅटरीच्या उजेडात पाहिली. पाहिली आणि स्लिप फाडली.

कारखानदार म्हणतील, गव्हाण रिकामी ठेवता येत नाही, तोडलेला ऊस वाळला की उतारा घटतो. खरं आहे. पण आत कारखान्यातही चरक थांबत नाही, तरी तिथल्या फिटरला सुट्टी मिळते, कारण पाळ्या लावलेल्या असतात. तशाच टोळ्यांच्या लावा. सात टोळ्या असतील तर रोज एक बसेल. त्या दिवसाची मजुरी टनामागच्या दरात धरा आणि खाड्याचा दंड बंद करा. जानेवारी २०२४च्या करारात तोडीचे दर चौतीस टक्क्यांनी वाढले, चांगलं झालं. सुट्टीचा शब्द मात्र तेव्हा माझ्या कानावर आला नाही. पुढच्या करारात तो घाला. आमच्याकडे अमावास्येला औत धरत नसत. बैलाला तेवढी सवलत होती.

गेल्या माघात कालव्याकडेच्या कोप्यांवर गेलो होतो. चूल पेटवत बसलेल्या एका बाईला विचारलं, "बाई, आठवड्यातून एक दिवस सुट्टी दिली तर घ्याल का?"

तिने फुंकणी खाली ठेवली. "सुट्टी? म्हंजी, भाऊ, पट्टा पडला का काय कारखान्याचा?"